मधला मजला

एप्रिलमधल्या एका शनिवारी तळमजल्यावरच्या बोहुमिरनी
भंगारात निघालेल्या धुलाईयंत्राचं पिंप बाल्कनीत ओढत आणलं.
एका हातात कुबडी, दुसऱ्यात पिंप,
आणि मधूनमधून दोघांनाही शिव्या.
पिंपाला भोकं आयतीच,
निचऱ्याला आणखी काय लागतं?
आत माती, कुजका पाला, घोड्याची लीद,
आणि ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला
करंगळीएवढा मुळाचा तुकडा.

'हॉप्स,' ते म्हणाले. 'मादी आहे.
नराला या भागात कुणी उभं करत नाही.'
आणि बराच वेळ एकटेच हसले.

लौनीच्या बाहेर पडलं की हॉप्सची शेतंच शेतं,
खांब उंच, तारा ताणलेल्या,
ऑगस्टमध्ये वास थेट बसमध्ये शिरतो.
आमच्या इमारतीला खांब कुठला?
म्हणून त्यांनी कुबडी रोवली.
नाहीतरी आता ती नकोच, म्हणाले.
(डॉक्टरांना हे माहीत नव्हतं.)

कुबडी तीन आठवड्यांत संपली.
वेल शेंड्याला पोचला आणि
जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा
हवेत चाचपडू लागला.
पहिल्या मजल्यावरच्या थुईबाईंनी
दुकानातल्या खोक्यांच्या पट्ट्या वेणीसारख्या गुंफून खाली सोडल्या.
तिसऱ्यावरून आम्ही
आपोलेनाची उड्या मारायची दोरी सोडली.
ती अपुरी पडली. तिची लाकडी मूठ
रात्रभर दुसऱ्या मजल्याच्या काचेवर
टक. टक. टक.

दुसऱ्या मजल्यावर लुबोर.
त्याचा आणि बोहुमिरचा अकरा वर्षांचा अबोला,
तळघरातल्या एका कुलपावरून.
कुलूप केव्हाच गंजून पडलं, किल्लीही कुठे गेली,
अबोला तेवढा तेल घातल्यासारखा चालू.

जूनमध्ये वेल पट्ट्या संपवून थांबला.
वर मूठ, खाली शेंडा,
मध्ये हातभर मोकळी हवा आणि लुबोरचा कठडा.
मी रात्रपाळीहून सहाला परतले तेव्हा
तिथे बुटाची तपकिरी लेस बांधलेली होती,
आणि तिच्याभोवती वेल, नीट गुंडाळलेला.

संध्याकाळी तो सुटून लोंबत होता.
दुसऱ्या दिवशी पुन्हा गुंडाळलेला, पुन्हा सुटलेला.
तिसऱ्याही दिवशी तेच.
माणूस कसाही वळवता येतो,
वेल प्रदक्षिणेची दिशा सोडत नाही.

चौथ्या दिवशी बोहुमिर खालून ओरडले,
'घड्याळाच्या काट्यासारखा फिरव, गाढवा!'
अख्खी इमारत चमचे हातात धरून थांबली.
वरून बऱ्याच वेळाने आवाज आला,
'वरून बघून, की खालून?'

बोहुमिरनी बोट हवेत गोल फिरवलं.
मान वाकडी केली. बोट उलटं फिरवलं.
पिंपाच्या काठावर टेकले.
'वरून,' शेवटी म्हणाले, 'तू आहेस तिथून.'

पहिलं वर्ष, त्यामुळे बोंडं मोजून एकेचाळीस.
त्यातली एकोणतीस लुबोरच्या कठड्याशी.
ती त्याने लाइटबिलाच्या पाकिटात भरून
बोहुमिरच्या टपालपेटीत टाकली, नाव न लिहिता.
एवढ्यात बिअर कसली होणार!
थुईबाईंनी चार चहात टाकली आणि तोंड वाकडं केलं.
झोप लागते म्हणतात, म्हणून मी दोन उशीत शिवली:
बोटांना पिवळी चिकट धूळ,
वेलाच्या काट्यांनी मनगटावर लाल रेघा,
आणि झोप नाहीच.

नोव्हेंबरात वेल मुळापाशी छाटला.
थंडीने बोहुमिरचं कंबरडं धरलं, तेव्हा कुबडी परत लागली.
उपटली, तर तिचं रबरी टोपण मातीतच राहिलं.
आता ते जिन्यातून टकटकत येतात.

आपोलेनाची दोरी आम्ही वर ओढून घेतली.
लेस मात्र कठड्याला तशीच आहे.
'राहू दे,' लुबोर म्हणाला.
मी सोडायला सांगितली नव्हती.